जळायचं काम

हैबतरावांना गर्व दोन गोष्टींचा, मिशीचा आणि चालींचा. हिंजवडीच्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्यामुळे पोटाची काळजी नव्हती, दिवसभर अभंगांना चाली लावायला मोकळे. गावात चाली लावणारा दुसरा माणूस कैलास. तो पूर्वी यांच्याच भजनी मंडळात टाळ वाजवायचा. त्यानं वेगळं मंडळ काढलं आणि नालायक गाव त्याच्याच चाली गुणगुणायला लागलं. हैबतरावांनी त्याला जन्मात कधी 'वा' म्हटलं नाही. तो गायला बसला की यांना तंबाखू आठवायची, आणि मग हा गृहस्थ देवळामागं उभा राहून अभंग संपेपर्यंत तंबाखूच मळायचा.

यंदा धरणाकाठी सिनेमावाले आले. प्लायवूडचा राजवाडा, त्यात राजाच्या पदरचे दोन संगीतकार, एकमेकांच्या मुळावर उठलेले. त्यातल्या धाकट्याची चाल ऐकून जळणारा एक म्हातारा गवई हवा होता. दिग्दर्शक स्वानंदनं मिशी पाहिली आणि हैबतरावांना जरीचा अंगरखा चढवला. घरी बायको रत्नाबाई म्हणाल्या, "जळायचं हाय व्हय? मग शिकवायला नको."

गाणं अजून रेकॉर्ड झालं नव्हतं, म्हणून कॅमेऱ्यामागं बसून गायला गावातलाच माणूस बोलावला. तो निघाला कैलास. हैबतरावांचा चेहरा असा काही आंबला की स्वानंद खूश.

"असाच ठेवा, काका. फक्त बोलू नका."

कैलासनं आपली नवी चाल धरली. इथं उठून जायची सोय नव्हती. समेवर येता येता त्यानं असं एक वळण घेतलं, जे हैबतरावांना सात जन्मांत सुचलं नसतं. आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "वा."

"कट. काका, जळायचंय."

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. चेहरा तर आता बारशाला आल्यासारखा खुलला होता. शेवटी अंगरखा उतरवून दुसऱ्या म्हाताऱ्याला घातला.

परतताना पौडच्या रस्त्यावर टेम्पोत दोघं शेजारी बसले. उभ्या आयुष्यात कैलासला या माणसाकडून तो एक शब्द हवा होता, आणि मिळाला तो सिनेमाच्या खोट्या दरबारात. न राहवून त्यानं विचारलं, "आबा, वा म्हनलात, ती ॲक्टिंग व्हती का?"

व्हय म्हटलं असतं तर अब्रू शाबूत राहत होती. हैबतरावांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "ॲक्टिंग येत असती, तर हाकलला असता व्हय मला?"