आईचं माहेरचं नाव

परवा माझी आई गेली, हे ग्रुपवर बहुतेकांना कळलं आहे. आज सकाळी पवनारला धाम नदीत तिच्या अस्थी सोडल्या.

तुम्ही मला ओळखता. दहावीनंतर शाळा सुटली, पण पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांची चरित्रं मी स्वतःच्या हिमतीवर वाचत आलो. कोणत्या नेत्याच्या आईचं माहेर कुठलं, लग्नात बायकोचं नाव बदलून काय ठेवलं, हे मी पुस्तक न उघडता सांगतो. इथे कोणी चुकलं तर लगेच दुरुस्तही करतो.

अस्थी पाण्यात सोडल्या तेव्हा केळझरची मोठी मावशी एकदम ओरडली, "शेवंते, मले सोडून काऊन गेली वं?"

मी विचारलं, "मावशी, शेवंता कोण?"

"तुही माय, अजून कोण! लक्ष्मी तं लग्नात ठेवलेलं नाव."

"मग तू तिला कधी त्या नावानं हाक नाही मारली?"

"सासरच्या घरात माहेरचं नाव कोण घेते बाप्पा? पन तू येवढी पुस्तकं वाचून राह्यला, मायले पुसनं नाई झालं तुले?"

मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. मावशीला बसमध्ये बसवून दिलं. शेवंता कशी होती, हे तिला विचारायचं होतं. बस निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो.

तुमची आई घरात असेल तर आज तिला विचाराल का, लग्नाआधी तिला काय म्हणायचे? ती जे सांगेल ते इथे लिहा. मी वाचेन.