चाळणीसारखा नकाशा

हिलाची जागा नवऱ्यालासुद्धा सांगायची नाही, असं सायमीमावशी म्हणायची. नवरा गेला, पण त्याला तिनं शेवटपर्यंत सांगितली नाही.

हिला म्हणजे आमच्या दलदलीत पिकणारं सोनेरी फळ. फिनलंडच्या या टोकाला घरटी एक गुप्त जागा. मावशी तर बादलीवर शेवाळ पसरून उलट्या वाटेनं घरी यायची.

"काय मिळालं, मावशी?"

"मासे गावले!"

दलदल देशाच्या राखीव क्षेत्रांच्या जाळ्यात यावी म्हणून मी सरकारी कचेऱ्यांत घसा फोडला. शाळा अर्धवट सोडलेली बाई म्हणून हसले माझ्यावर. हसू देत. शेवटी ठरलं, हद्द गावानंच आखायची. आतली जमीन वाचणार, बाहेरचं पीट, म्हणजे दलदलीची जळाऊ माती, कंपनी खणून नेणार.

नकाशा घरोघर फिरला आणि चाळण होऊन परत आला! जो तो आपली हिलाची जागा गुपचूप वगळून मोकळा.

गावच्या सभेत मी टेबलावर मूठ आपटली. "फळं तोडायला बंदी नाही, शंभरदा सांगितलं! मग ही भोकं कशाला?"

"राखीव झालं की लाकडी पायवाट येते," मावशी म्हणाली, "आणि पायवाटेवरून हेलसिंकीचे लोक."

"आणि भोकातून कंपनी येईल, ती? खणून पाणी आटलं की तुझी हिला कुठं उगवणार, चुलीत? शिवाय तुझी जागा आता अख्ख्या गावाला दिसतेय. हे बघ, तळ्याच्या वर!"

मावशीचा चेहरा पडला. मग तिनं पेन्सिल ओढून घेतली आणि आपल्या भोकावरून ठसठशीत रेघ मारली. "घ्या. तळ्याच्या वरच आहे. झालं समाधान?"

"मला कधीचं ठाऊक आहे," शेजारचा वेइक्को म्हातारा पुटपुटला.

"मग आला नाहीस कधी?"

"दुसऱ्याच्या जागेत जातात का, सायमी?"

तिनं पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. त्यानं कुरकुरत आपलंही भोक बुजवलं. मग बाकीचेही एकेक करून पेन्सिल घ्यायला उठले.

दलदल वाचली. पुढच्या उन्हाळ्यात मावशी भेटली ती उलट्या वाटेनं येताना, बादलीवर शेवाळ.

"मावशी, आता कुणापासून लपवतेस?"

"गप गं," ती म्हणाली, "मासे आहेत." आणि शेवाळ सारून एक ओंजळ माझ्या हातात ओतली.