कापणीच्या सणातली घागर

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या चर्चचे मोठे पंच एकदम साहेब झाले. माणूस तोच, टेरिकॉटची पॅन्ट तेवढी नवी. गावात सरकारी कचेऱ्या उभ्या राहू लागल्या, तसा हा गृहस्थ ज्याच्या-त्याच्या कानात सांगू लागला की तुमच्या पोराला चिकटवतो, शिपाई म्हणून का होईना. मग काय, मंडळी त्याच्यापुढं अशी वाकायला लागली, की प्रभूपुढंही कधी वाकली नसतील. मला तेव्हाही किळस यायची, आजही येते.

त्याच साली दुष्काळ पडला. नळ म्हणजे नुसती शोभा. चर्चच्या आवारात मिशनच्या गोऱ्या लोकांनी खोदलेली विहीर होती. ती आटलेली कुणी पाहिली नव्हती. पंचसाहेबांनी तिच्यावर लोखंडी जाळी बसवली आणि कुलूप ठोकलं. विहीर आटली म्हणे, लेकरं पडतील म्हणे. आणि रोज पहाटे तिच्यावर मोटार चालायची, टँकर भरायचा आणि नव्या कचेरीच्या बांधकामावर जायचा. साऱ्या आवाराला तो आवाज ऐकू यायचा, पण सगळे मूग गिळून बसलेले. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, उपदेशात सांगायचे, दुष्काळ ही विश्वासाची परीक्षा आहे. असेल बाबा. त्यांच्या मोरीत त्याच मोटारीचा पाइप गेला होता, त्यांना पेपर सोपा होता.

आमच्या घरी वडील लकव्यानं पडून होते. सगळं अंथरुणातच. धुवायला पाणी नाही, पुसायला पाणी नाही, पाठीला जखमा झालेल्या. कोपऱ्यावरचा लिंगायत दुकानदार अधूनमधून स्वतःच्या रांजणातली कळशी न मागता पाठवायचा, आणि आमचे प्रभूमधले बंधू वास येतो म्हणून खिडक्या लावून घ्यायचे. आई मात्र रोज गुडघे टेकून म्हणायची, प्रभू, तू बघून राहिलास. मी चिडायचे. म्हणायचे, नुसता बघूनच राहिलाय, करत तर काही न्हाई.

ती गुडघ्यांवरनं उठायची. घागर घेऊन बांधकामावर जायची. तिथला वॉचमन भला माणूस, हौदातली एक घागर भरू द्यायचा. त्यात आमचं पिणं, रांधणं आणि उरलं तर वडिलांची पाठ.

अशात कापणीचा सण आला. आमच्यात या सणाला शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या. लिलाव पुकारणार अर्थातच पंचसाहेब. त्यांची एक लकब होती. वस्तू हातात घेतली की देणाऱ्याला उभं करायचं आणि विचारायचं, बोला, कुठल्या शेतातलं? माणूस छाती फुगवून गाव सांगायचा आणि बोली चढायची.

आई दरसाली रेणापूरहून माहेरच्या ज्वारीची कणसं आणायची. त्या वर्षी रेणापूरला कडबासुद्धा झाला नव्हता. सणाला रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणून तिनं त्या दिवसाची घागर उचलली. मी भांडले. बाबांची पाठ आता कशानं पुसायची? ती म्हणाली, पहिलं प्रभूचं. मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

लिलावाला त्या साली होतं काय? दोन वाळकी वांगी, एक मरतुकडी कोंबडी आणि आमची घागर. कोंबडी गेली, घागरीची पाळी आली. पंचसाहेब रंगात आले होते. जिभेची सवय ती, सुटते थोडीच.

"वा, पाणी! बोला मावशी, कुठल्या विहिरीचं?"

आई उभी राहिली. पदर सावरला.

"आपल्याच," ती म्हणाली. "चर्चच्या विहिरीचं हाय. नव्या कचेरीच्या बांधकामावरनं आणलं."

पंचसाहेबांनी हातातली घागर पटकन खाली ठेवली. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा क्रमांक सांगितला, पण कुणी सूर लावेना. मंडळींना एकाएकी हिंमत आली असं मात्र समजू नका. मागून एक म्हातारी उठली. तिच्या नातवाला चिकटवतो म्हणून पंचसाहेबांनी नुसतं झुलवलं होतं, राग त्याचा होता. ती घरी गेली, रिकामी कळशी घेऊन आली आणि जाळीपाशी फतकल मारून बसली. मग दुसरी बसली, मग आई. बायका बसल्यावर पुरुष शूर झाले. दिवस मावळायच्या आत कुलूप निघालं. घागरीवर बोली लागलीच नाही. ती परत वेदीपाशी नेऊन ठेवली, तिथंच राहिली. दिलेलं परत न्यायचं न्हाई, आई म्हणाली.

पुढच्या रविवारी पंचसाहेब साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते साऱ्यांपुढं सांगायला उभे. म्हणे प्रार्थनेत प्रभूनं त्यांना दर्शन दिलं आणि सांगितलं, की विहिरीला पुन्हा झरा फुटलाय, जा, माझ्या लोकांसाठी उघड. म्हणून त्यांनी उघडली. चोर तो चोर, वर शिरजोर. आणि मंडळी काय म्हणाली? आमेन म्हणाली. जाळीपाशी बसलेली म्हातारीसुद्धा. मी उपासना अर्धी टाकून निघाले.

आई त्या दिवशी घरीच होती. अंगणात फरशीवर पाट मांडून, वडिलांना भिंतीला टेकवून अंघोळ घालत होती. शेजारी दोन भरलेल्या बादल्या. मी उंबऱ्यातूनच ओरडले, की तुझ्या प्रभूनं शेवटी यश कुणाच्या पदरात टाकलं बघ, त्या हरामखोराच्या.

तिनं वर पाहिलंही नाही. वडिलांच्या जखमांवरून हलक्या हातानं पाणी सोडत म्हणाली, "बोलू दे त्याला. विहिरीत पाणी काय त्यानं भरलं होतं?"

मला आणखी खूप बोलायचं होतं. पण वडील काहीतरी पुटपुटत होते; लकवा झाल्यापासून त्यांचे शब्द तोंडातच विरायचे. मी वाकून कान लावला.

"अजून एक तांब्या," ते म्हणत होते.

मी तांब्या बुडवला.