दादा पाणी का पीत नव्हते

वडिलांना आम्ही दादा म्हणतो, माझी बायकोही दादाच म्हणते. कंपवाताने, डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सनने, आधी त्यांचे हात गेले, मग पाय. उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. चेहरा असा थिजलेला की राग आलाय का भूक लागलीय, ते कळायचं नाही. आवाज इतका बारीक झाला की त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागायचा.

मी साखर कारखान्यात आहे. गाळप सुरू झालं की पाळ्या बदलत राहतात. आई केव्हाच गेली. त्यामुळे दादांना उठवणं, वेळेवर गोळ्या देणं, मोरीत नेणं, अंघोळ घालणं, सगळं बायकोच्या अंगावर पडलं. त्यांना उचलून उचलून तिची कंबर धरली. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "चार दिवस आईकडं जाऊन नुसतं झोपावं वाटतं." मी "जा की" म्हणालो आणि कामावर निघून गेलो. दादांना टाकून ती जाणार कशी, एवढाही विचार केला नाही.

त्याच हंगामात दादांना ताप भरला आणि ते भलतंच काहीतरी बोलायला लागले. आम्ही त्यांना मंचरला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "यांना पाणी देत नाही का तुम्ही? अंगात पाणीच नाही, लघवीत जंतू झालेत."

मी बायकोकडे बघितलं. तसं बघायला नको होतं, परक्या माणसासमोर तर मुळीच नको होतं.

"तांब्या उशाशीच असतो," ती म्हणाली. "पाजायला गेलं तर तोंड फिरवत्यात." आणि पदर सावरून खाली बघत राहिली.

ताप उतरल्यावर एका दुपारी मी दादांजवळ बसलो. बायको गोठ्यात होती.

"दादा, पाणी का पीत न्हाई तुमी?"

मी त्यांच्या तोंडापाशी कान नेला. मग म्हणाले, "तू डूटीला. पाणी पिलं का मोरीत न्यावं लागतं. तिलाच न्यावं लागतं ना."

"मग? ती काय परकी हाय का?"

"सून हाय. एवढ्या वर्षांत माझ्याम्होरं डोईवरचा पदर पडू दिला न्हाई तिनं. आन मी तिच्याम्होरं..."  मग म्हणाले, "मला कुटं तरी ठिव. जितं बाप्या मानूस करील असं. पर तिला यातलं काय बोलू नको. लाजंल ती."

मी गावात माणूस शोधला. कांदा भरायला रोजाने हवी तेवढी माणसं मिळतात, पण म्हाताऱ्याला अंघोळ घालायला एक गडी तयार होईना. शेवटी लेण्याद्रीच्या बाजूला एक लहानसं सेवाघर सापडलं. तिथे पुरुषांचं सगळं पुरुषच करतात. दादांना तिथे ठेवलं.

बाप्या माणूस तर घरातच होता, मी. पाळी बदलून मागावी, रजा टाकावी, हे मला सुचलं होतं. सुचलं आणि मी ते बाजूला सारलं.

टपरीवर एकाने टोचलंच, "काय राव, दादांना देवाला सोडलं म्हनं?"

दुसरा म्हणाला, "त्यो कशाला सोडतोय. सूनबाईचं काम ते."

हे फिरत फिरत बायकोच्या कानावर गेलं. कांदा साठवायच्या चाळीत कांदा निवडताना ती मला म्हणाली, "मी कुठं कमी पडले, ते तरी सांगा."

मला राहवलं नाही. दादांचा शब्द मोडून सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला. "मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "म्हनून तर तोंड भिंतीकडं करूनच सारं करायची मी. हाताला कळायचं. त्यांना वाटायचं, मला दिसतंय."

"मग सांगायचं ना त्यांना."

"कसं सांगू? सांगायचं म्हंजी त्येच बोलायचं ना." आणि सडका कांदा तिने बाजूला फेकला.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं दादांना भेटायला गेलो. अंघोळीची वेळ होती. तिथल्या माणसाला म्हटलं, आज मी घालतो. बापाच्या उघड्या पाठीवरून मी असा हात कधी फिरवला नव्हता. केवढी हाडं लागली हाताला! माझी धांदल उडाली, साबण त्यांच्या डोळ्यात गेला.

"आरं, हळू!" दादा म्हणाले. "कातरायच्या आधी मेंढरू धुतोस का बाप?"

बाहेर बायको हसली, मोठ्याने. दादांनी कान दिला.

"ती हसली का रं?"

"व्हय."

"लई दिसांनी." मग म्हणाले, "दार नीट लाव."

मी कडी घातली आणि पुन्हा त्यांची पाठ चोळू लागलो.