मॅपलचा पाक

भाच्यानं कॅनडाहून मॅपलचा पाक आणला. बाटली उघडली आणि त्या जळक्या गोड वासानं मला आखातात, सलवातल्या आमच्या जुन्या घरी, सुट्टीच्या एका शुक्रवारच्या दुपारी नेऊन बसवलं.

कॅनडातल्या एका खेड्यात गेलेल्या मैत्रिणीनं माझ्या बायकोला, मालतीला, असाच पाक पाठवला होता. आम्ही तो घावनांवर ओतून खात होतो.

"अहो, तिथं शनिवारी अख्खं गाव हॉलमध्ये एकत्र जेवतं. प्रत्येक घरातून एक पदार्थ. मी पुरणपोळ्या नेणार! इथं शेजाऱ्याला माझं नावही ठाऊक नाही."

"गोऱ्यांना पचतील?"

"तुम्हाला पचतात ना!"

आम्ही कॅनडात स्थायिक होण्यासाठी अर्ज केला. घराण्यातला पहिला पदवीधर मी. व्हिसा मिळणारच, अशी खात्री होती. व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीत तिच्या फुप्फुसावर डाग निघाला. कॅनडानं नकार दिला.

त्याच दुखण्यात मालती गेली, तेव्हा शेजाऱ्यानं जिन्यात विचारलं, "घर में कोई बीमार था क्या?"