ज्याची चावी त्याच्या हातून

धुळाजीमामा आमच्या धारूरकडच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहेत. बापजादे मेंढरं राखायचे. मामा तारा राखतात, आणि विश्वास कशावरच चटकन ठेवत नाहीत. घरी मिक्सरचं बटण बंद करतात, पिन काढतात, आणि कडूबाईमामी भांडं धुवून आणेपर्यंत ती पिन हातात धरून बसतात. एवढी राखण मामीची कधी केली नाही, असं मामीच सांगतात.

उपकेंद्रातही तेच. लाईन बंद करायची तर आधी ब्रेकर, कारण वाहता करंट तोडायची ताकद त्याच्यातच. मग आयसोलेटरची पाती उघडायची; करंट चालू असताना ती ओढली तर जाळाचा लोळ अंगावर येतो. मग अर्थिंग, म्हणजे तार जमिनीला जोडायची. शेवटी हँडलला कुलूप, आणि चावी खांबावर चढणाऱ्याकडे. तो चावी घेऊन आला की सगळं उलट्या क्रमानं, ब्रेकर शेवटी.

परवा गावचे पुढारी सुंदरराव यांच्या मुलीचा, सायलीचा, साखरपुडा होता. नेमकी दुपारी तार तुटली, वायरमन हनुमान ती जोडायला चावी घेऊन गेला, आणि जनरेटरवाल्यानं फोन बंद ठेवला. मांडवात व्याही उपरण्यानं वारा घेत बसले. तेवढ्यात सुंदररावांचा पुतण्या जीवन गाडीवरून उपकेंद्रात आला आणि त्यानं चावी टेबलावर ठेवली.

मामांनी चावीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"हनुमान कुठं हाय?"

"हाय की तिकडंच."

"खांबावर का खाली?"

जीवन म्हणाला, काम होतच आलंय. थोडं खोदून विचारल्यावर कळलं, हनुमानानं उकाड्यानं शर्ट बाभळीला अडकवला होता. चावी त्याच्या खिशातली. फोनही तिथंच, म्हणून मामांनी लावलेला फोन कुणी उचलेना.

मग सुंदरराव स्वतः आले. मामांची बदली सिरसाळ्याला करायची की आणखी लांब, यावर बराच वेळ बोलले. मामांनी त्यांना स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं, चावी मात्र मुठीतच.

"अण्णा, चावी आली. माणूस न्हाई आला."

सुंदरराव घाम पुसत बसून राहिले. जीवन नखं पाहत होता.

बऱ्याच वेळानं हनुमान आला. अंगात उलटा शर्ट, तोंड उतरलेलं. खिसे परत परत चाचपत होता.

"मामा, काम झालं, मी खाली उतरलो. पण चावी हरवली. वर असताना कधी पडली, कळलंच न्हाई."

वर असताना, हे शब्द ऐकून सुंदररावांनी हातातला पाण्याचा गिलास खाली ठेवला. मग पुतण्याकडं पाहिलं.

मामांनी मूठ उघडली, चावी हनुमानाच्या तळहातावर ठेवली, आणि लगेच आपला हात पुढं केला.

हनुमान गोंधळला. "आता हे कावून?"

"तू दे," मामा म्हणाले. "मग मी घेतो."

त्यानं दिली. मामा कुलूप काढायला उठले.