संशयी सांडूभाऊ

छावणीतल्या चर्चचे सांडू पारखे म्हणजे संशयी माणूस. मंडळीचे ते वडील होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या जोडीनं कारभार पाहणारे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, तरी नवा माणूस दिसला की यात बिघाड कुठं असेल हेच आधी शोधत.

त्यामुळं पाळकसाहेबांनी मनाच्या आजारात माणसाला साथ कशी द्यायची, याचं शिबिर ठेवलं, तेव्हा सांडूभाऊ शिकायला नव्हे, पाळत ठेवायला गेले. शिकवायला यास्मिन नावाच्या समुपदेशक आल्या होत्या.

"म्हंजे आता प्रार्थना सोडून गोळ्या खायच्या का?" सांडूभाऊंनी विचारलं.

"प्रार्थना करा ना काका. फक्त कुणाला गोळ्या बंद कर म्हणू नका. आणि त्याचं दुखणं चारचौघांत बोलू नका, प्रार्थनेतसुद्धा नाही."

हे शेवटचं त्यांना जास्तच खटकलं. मंडळीपासून लपवायचं, ते चांगलं कसं असेल?

महिन्याभरानं मंडळीतली गीताबाई त्यांच्याकडं आली. तिचा नवरा गोकुळ चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. शेजारचे लोक पाण्याच्या टाकीत विष कालवतात असं वाटून त्यानं नळाचं पाणी सोडलं होतं, कामावर जाणंही.

"भाऊ, काही बाहेरचं असंल तर उपास धरा," ती म्हणाली.

सांडूभाऊ गेले. गोकुळनं दार बोटभर उघडलं.

"कुणी धाडलं तुमाला?"

सांडूभाऊंना काहीतरी बनवून सांगावंसं वाटलं, पण ते म्हणाले, "गीताबाईनं."

आत बसल्यावर गोकुळनं ग्लास पुढं केला. "आधी तुमी प्या."

ग्लास तोंडाशी नेताना सांडूभाऊंचा हात थबकला. यानंच काही कालवलं असलं तर? मग त्यांना उमगलं, गोकुळ घोटाघोटाला हेच भोगतोय. ते पाणी प्याले.

"शेजाऱ्यांचंच काम हाय. पटतंय ना?"

"मला तसं दिसत नाय, गोकुळ. पण तू लई भ्यालास, ते दिसतंय. झोप लागती का?"

"नाय."

"मग झोपेसाठी तरी दवाखान्यात जाऊ. मी संगं येतो."

त्या दिवशी तो आला नाही. सांडूभाऊ दुपारचे जात राहिले, कधी नुसतेच बसून येत. अखेर एकदा गोकुळच दवाखान्यात जायला चपला घालून उभा राहिला.

इकडं मंडळीत कुजबुज सुरू झाली. उपासनेनंतर दुसरे वडील बद्रीनाथ यांनी त्यांना गाठलं.

"गोकुळकडं लई चकरा चालल्यात म्हणं. त्याची जागा इकायची हाय का?"

"भेटायला जातो."

"मग काय झालंय ते सांगा की. सगळे मिळून प्रार्थना करू."

"त्यानं सांगितलं तर करू."

बद्रीनाथांना ते पटलं नाही. पुढं सांडूभाऊ दिसले की चर्चच्या पायरीवरच्या गप्पा थांबू लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांवर ठेवलेली नजर आता त्यांच्यावर होती, आणि गोकुळचं दुखणं चारचौघांत बोलायचं नाही, म्हणून खुलासा करायची सोय नव्हती. घरी ते चिडचिड करत, ताटावरून उठून जात. पण बोलले नाहीत.

औषधं सुरू झाल्यावर गोकुळला हळूहळू झोप लागू लागली. दिवाळीनंतर एका रविवारी तो चर्चमध्ये आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. ढोलकीकडं गेला नाही. सांडूभाऊ शेजारी बसले, तसा तो पुटपुटला, "डॉक्टरला माझ्या माघारी अजून काय सांगितलं तुमी?"

"तुझ्यासमोर बोललो तेवढंच."

गोकुळला ते पटलं की नाही, कळलं नाही. मग त्यानं गीतांचं पुस्तक उघडून दोघांच्या मध्ये धरलं.